माझा बाँड, सासऱ्यांची सही

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून नोंद ठेवण्यासारखं काहीतरी घडणार आहे. नोकरी सोडली. मालकांचं म्हणणं, त्यांनी काढलं. तपशिलाचा फरक. इतकी वर्षं दुसऱ्याच्या परवान्यावर सुपरवायझर म्हणून राबलो, आता स्वतःच्या नावाचा परवाना काढून बांधकाम कंत्राटदार व्हायचं. सुरुवातीला किचन, बाथरूम, गच्ची. मग इमारती. हिला सांगितलं. हिने विचारलं, परवान्याला काय काय लागतं? म्हटलं, अनुभव. ही ‘बरं’ म्हणाली. हिच्या ‘बरं’मध्ये पाठिंबा असतो, फक्त तो शोधावा लागतो.

७ जानेवारी
परवाना कार्यालय. अनुभवाशिवाय आणखी दोन गोष्टी लागतात म्हणे. एक लेखी परीक्षा आणि एक शुअरटी बाँड. खिडकीतल्या क्लार्कने बाँड समजावून सांगितला. कंत्राटदाराने काम बिघडवलं किंवा अर्धवट सोडलं तर गिऱ्हाइकाने कुणाच्या दारात जायचं? तर बाँड देणाऱ्या कंपनीच्या. कंपनी कंत्राटदाराची हमी घेते. पुढेही तो बरंच काही सांगत होता, पण मला मुद्दा कळला होता. मी भरवशाचा माणूस आहे असं एक कंपनी लेखी देणार. लग्न ठरलं तेव्हा ही सोय माहीत असती तर सासरच्यांनी इतक्या चौकशा केल्या नसत्या.
संकल्प : परीक्षेच्या अभ्यासासाठी रोज पहाटे पाचला उठणे.

८ जानेवारी
साडेसातला उठलो. पण एकदम ताजातवाना.

२ फेब्रुवारी
परीक्षा झाली. पहिल्या प्रयत्नाचा उद्देश परीक्षेचं स्वरूप समजून घेणे हा होता. तो सफल झाला. नापास. प्रश्न अगदीच पुस्तकी. उदाहरणार्थ, बाथरूमच्या फरशीला उतार किती आणि कोणत्या बाजूला द्यावा. साइटवर असं कुणी कुणाला विचारत नाही. पाणी कुठेतरी जातंच.

१ मार्च
पास. काठावर, पण काठ पास झालेल्यांच्या बाजूला असतो. महिनाभर रोज संध्याकाळी ही भाजी निवडता निवडता मला प्रश्न विचारायची. त्यात तिलाच सगळी उत्तरं पाठ झाली. तिला म्हटलं, आता विसरलीस तरी चालेल.

५ मार्च
बाँड एजन्सी. टेबलामागे चष्मेवाल्या बाई. आवाज हळू, हातात पेन्सिल. माझे कागद चाळले. जुनं कर्ज, चुकलेले हप्ते यांच्यावर उगाच खुणा केल्या. म्हणाल्या, तुमच्या एकट्याच्या सहीवर कंपनी बाँड देणार नाही, बरोबर कुणीतरी पत असलेला माणूस हवा. मी याचा अर्थ असा लावला की होतकरू माणसाबरोबर एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीचं नाव आलं तर कंपनीचीही शान वाढते. हा अर्थ बाईंना बोलून दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला.
सायंकाळी थोरल्या भावाला फोन. तो म्हणाला, तुझा आवाज येत नाही. त्याचा मला स्वच्छ येत होता.

१० मार्च
सासऱ्यांकडे गेलो. सासरे बाजारातले वजनकाटे तपासणारे निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी नजर तीच. समोरच्या माणसाकडे बघतानाही काटा कुठे झुकतोय ते बघत असल्यासारखे बघतात. कराराची सगळी पानं त्यांनी ओळीखाली पट्टी धरून वाचली. माझा दुसरा चहा झाला. मी म्हटलं, नुसती फॉर्मॅलिटी आहे, हे कुणी वाचत नाही. त्यांनी पान उलटलं. शेवटी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, “जावईबापू, ही सही तुमच्या कामाकडे बघून नाही. मुलीकडे बघून आहे.”
म्हणजे मला मुलासारखंच मानतात. परतताना बसमध्ये हिला तसं म्हणालो. ही खिडकीतून बाहेर बघत होती.

२२ मार्च
परवाना आला. बाँड आला. कार्डं छापायला टाकली. नावाखाली ‘परवानाधारक आणि बाँडेड’. रंग निळा की हिरवा, यावर दोन दिवस विचार. परवान्याची फ्रेम भिंतीवर लावायला घेतली, तर पहिल्याच खिळ्याला गिलाव्याचा मोठा पोपडा खाली आला. कुणाचं तरी निकृष्ट काम. फ्रेम कपाटावर टेकवून ठेवली आहे. तिथेही रुबाबदार दिसते.

२ एप्रिल
पहिला क्लायंट : मेहुणी. तिच्या घरात एकच बाथरूम आणि ते जुनाट. ते पूर्ण नवं करायचं. साडूचं म्हणणं होतं की मी आधी बाहेरचं एखादं काम करून बघावं. मेहुणीने त्याला गप्प केलं. म्हणाली, भाऊजी घरचे आहेत, निदान अर्धवट टाकून तरी जाणार नाहीत. दहा दिवसांचं काम. तोवर त्यांच्या अंघोळी शेजाऱ्यांकडे.

१४ एप्रिल
काम सुरू आहे. दहा दिवस हा अंदाज होता, अंदाजाला अंदाज म्हणूनच बघायला हवं. फरशी बसली. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे जातं. मेहुणीच्या कपाळाला आठ्या. तिला समजावलं की यामुळे दाराबाहेरची फरशीही रोज आपोआप धुऊन निघेल. वॉटरप्रूफिंगचा एकच हात दिला. डब्यावर दोन हात लिहिलेले असतात ते डबे खपावेत म्हणून.

२१ एप्रिल
मोठी संधी. एका दातांच्या डॉक्टरांना दवाखान्याचं रिसेप्शन नव्याने करायचं आहे. कार्ड दाखवलं, ‘बाँडेड’ शब्दावर त्यांची नजर थांबली. लगेच हो म्हणाले. बाथरूमला विश्रांती हवीच होती, सिमेंटला मुरायला वेळ द्यावा लागतो. माणसं आणि सामान तिकडे हलवलं. मेहुणीचे फोन येतात. धंद्यात नातं मध्ये आणू नये, या तत्त्वाने उचलत नाही.

३ मे
शेजाऱ्यांनी दार उघडायचं बंद केलं, म्हणून मेहुणीच्या घरच्यांनी अर्धवट बाथरूममध्येच अंघोळी सुरू केल्या. आता खालच्या भाडेकरूच्या छताला ओल आली आहे. मी स्वतः जाऊन पाहिली. ओलीचा आकार हुबेहूब वरच्या बाथरूमसारखा आहे. पण एवढ्यावरून निष्कर्ष काढणं घाईचं होईल.

९ मे
मेहुणीकडची मंडळी आज टॉवेल घेऊन आमच्याकडे अंघोळीला आली. मग जेवायलाच थांबली. जेवताना मेहुणी एकदम शांत आवाजात म्हणाली, “भाऊजी, तुमचा तो बाँड आहे ना, त्याचा नंबर काय हो?” मला बरं वाटलं. कामाची कदर व्हायला वेळ लागतो. तिच्या मैत्रिणींना माझं नाव सुचवायचं असणार. जेवण सोडून उठलो आणि चांगल्या अक्षरात सगळं लिहून दिलं. नंबर, कंपनीचा पत्ता, चष्मेवाल्या बाईंचा थेट फोन, भेटायची वेळ. साडू हातात घास घेऊन नुसता माझ्याकडे बघत होता. हिने मला टेबलाखालून पाय मारला. बहुधा भात वाढायला सांगत असावी.

२० मे
कंपनीचं पत्र. मेहुणीने माझ्या बाँडवर क्लेम केला आहे.
सकाळी राग आला. दुपारी जरा पडलो आणि डोक्यात प्रकाश पडला. मेहुणीला नवं बाथरूम मिळेल, पैसे कंपनी देईल, मी दातांच्या डॉक्टरांकडे मोकळा. कुणाचंच नुकसान नाही. बाँड इतका उपयोगी असेल याची कल्पना नव्हती. साडूला फोन करून सुचवलं की क्लेममध्ये दरवाजाही घाला, खालच्या छताचा रंगही घाला, कंपनी मोठी आहे. त्याने मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, तुम्ही मनाने चांगले आहात हो. इतक्या वर्षांत साडूच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं.

४ जून
कंपनीचा तपासणीस येऊन गेला. मीही हजर राहिलो, सहकार्य म्हणून. त्याने खिशातून काचेची गोटी काढून जाळीपाशी ठेवली. गोटी दाराकडे निघाली, उंबऱ्यावरून उडी मारून बाहेर पडली आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली थांबली. त्याने सगळ्या वाटेचे फोटो काढले. मी म्हटलं, गोटी आणि पाणी यांत फरक आहे. त्याने तेही लिहून घेतलं.

१८ जून
क्लेम मंजूर. चष्मेवाल्या बाईंनी बोलावलं. मी आधी आभार मानले. त्या म्हणाल्या, “तुमचा गैरसमज झालाय. हा विमा नाही. बाँड तुमच्या संरक्षणासाठी नसतो, गिऱ्हाइकाच्या असतो. कंपनीने भरलेले पैसे तुम्ही परत करायचे. तुम्हाला जमलं नाही तर सहीवाल्यांनी.”
असं कुठे लिहिलंय, विचारलं. त्यांनी पेन्सिलीने दाखवलं. सासऱ्यांच्या सहीच्या बरोबर वर. ठळक अक्षरात.
पैसे भरेपर्यंत परवाना स्थगित. दातांच्या डॉक्टरांना कळवलं गेलं आहे. त्यांनी रिसेप्शन दुसऱ्याला दिलं.
एजन्सीबाहेरच्या बाकावर बसलो. माझ्याकडे देण्यासारखं काही नाही, म्हणजे सासरे देणार. सासरे कंपनीला देणार, कंपनीने मेहुणीला दिलेले. थोडक्यात, बापाच्या खिशातून लेकीचं बाथरूम होणार. तसं पाहिलं तर कुटुंबाबाहेर काहीच गेलं नाही. हिच्यापुढे हा मुद्दा कसा मांडायचा ते घोकत घरी आलो. ही कपडे वाळत घालत होती. मांडला नाही.

१९ जून
मांडला.
हिने मुद्दा ऐकून घेतला. मग म्हणाली की ते पैसे बाबांनी तळमजल्यावरच्या खोलीसाठी ठेवले होते. गुडघ्यांमुळे जिना होत नाही. खाली एक खोली आणि टॉयलेट करून घेऊन तिथेच राहायचा विचार होता. मी म्हटलं, हे मला कुणी सांगितलं नाही. ही म्हणाली, “सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही मला कार्डाचा रंग विचारत होतात.”
शेवटी हिरवा घेतला होता.

२३ जून
सगळे सासऱ्यांकडे. मेहुणी जिन्यातूनच रडत वर आली. पैसे भरणार बाबा हे ठाऊक असतं तर क्लेम केलाच नसता, उद्याच्या उद्या मागे घेते, म्हणाली. सासऱ्यांनी तिला बसवलं. विचारलं, बाथरूम गळतं ना? ती म्हणाली, गळतं. खालच्यांच्या छताला ओल आहे ना? आहे. “मग क्लेम बरोबर आहे,” ते म्हणाले. “बरोबर वजनाचं माप मी आजवर कुणाला परत न्यायला लावलेलं नाही.”
मलाही काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, चूक माझी. ती अट मीच वाचली नव्हती, नाहीतर तुम्हाला सही करायला सांगितलं नसतं.
सासरे म्हणाले, “मी वाचली होती.”
साडूने पंख्याकडे बघितलं. ही उठून आत गेली.

५ जुलै
कंपनीने नेमलेल्या कंत्राटदाराने बाथरूम पूर्ण केलं. बघायला गेलो. दोष काढायच्या तयारीने गेलो होतो, पाण्याची बादलीही ओतून पाहिली. दाराची कडी किंचित घट्ट आहे. मेहुणीला तसं सांगितलं. ती म्हणाली, “भाऊजी, चहा घेता का?” तिने अजून मला भाऊजी म्हणावं याचं उगाच नवल वाटलं. कडीचं पुन्हा बोललो नाही.

९ जुलै
पाइप आणि नळ विकणाऱ्या दुकानात नोकरी धरली. पगारातला ठरलेला भाग दर महिन्याला सासऱ्यांना. या वेगाने त्यांची खोली केव्हा होईल याचा हिशोब करायला घेतला. पेन ठेवून दिलं.

१६ जुलै
सासऱ्यांना गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे न्यायचं होतं. साडूला सुट्टी नव्हती, म्हणून मी गेलो. रिक्षा खाली उभी केली. जिना अरुंद, उजेड कमी. एक पायरी, थांबायचं. पुन्हा एक पायरी. वाटेत शेजारीण वर येत होती, ती आमच्यासाठी खालीच थांबून राहिली. सासरे तिला म्हणाले, आमचे जावई. आणखी काही जोडलं नाही.
मधल्या वळणावर त्यांनी कठड्याचा आधार घेतला तर कठडा हलला. खालचे दोन स्क्रू निघालेले. मी म्हटलं, रविवारी येऊन पक्का करून देतो.
“नको,” ते म्हणाले. “तुम्ही फक्त हात धरा.”
धरला.