आधी तोंड

अप्पा, तुमच्या नातवानं तुमच्या तोंडाचे तुकडे केले. माझ्या वाढदिवसाला त्यानं तुमच्या जुन्या फोटोचं पझल ऑनलाइन मागवलं आणि मशिननं तुमच्या डोळ्यांतून, नाकावरून, ओठांमधून सरळ कापत नेलं. पोरगा उलट माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं बघतोय!

बेलापूरला वर्ष संपलं की तुम्ही कॅलेंडरवरचं चित्र खळीनं प्लायवूडला चिकटवायचात आणि बारीक पात्याच्या करवतीनं त्याचे तुकडे करायचात. साखर कारखान्यात दिवसभर सुतारकाम करून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा करवत धरतो, याचं आम्हा भावंडांना काहीच वाटत नसे. पहिल्या वर्षी चित्र लक्ष्मीचं होतं. आई पिठाच्या हातानं बाहेर आली. "देवीच्या तोंडावर करवत फिरवाल तर बघा! चूल पेटायची न्हाई या घरात."

"तोंड अख्खं ठेवतो. मग तर झालं?"

"आन् हात?"

"चार हायेत. एखादा कापला तर चालंल."

आई हसली आणि तुम्ही सुटलात. तेव्हापासून आपल्या घरी तोंड कापायचं नाही, मग ते देवाचं असो, बाईचं असो नाहीतर बैलाचं. ते आधी सतरंजीच्या मधोमध ठेवायचं आणि भोवती सगळ्यांनी बाकीचं जुळवायचं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनं परदेशी पझल दाखवलं, तेव्हा मी घरी येऊन तुम्हाला शहाणपण शिकवलं होतं, की आधी कडा लावायच्या असतात. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुझ्या सिस्टरला कडा लावू दे. आपण आधी कोण आलंय ते बघू." मला फार राग आला होता. कडा आधी लावणंच सोपं पडतं, हे माझं मत आजही कायम आहे.

तर आज सगळे नगरच्या घरी जमलेत, टेबलावर तुमचा ढीग पडलाय आणि मी जाहीर केलंय की मी बसणार नाही. आपल्या घरातलं चित्र माझ्याशिवाय लागायची ही पहिलीच वेळ.

"आई, मशिनला काय कळतंय तोंड कुठंय ते?"

"मशिनला नाही, मागवणाऱ्याला कळायला हवं होतं."

मग नातीनं एक तुकडा माझ्यापुढे धरला. "आजी, हा पणजोबांचा डोळा आहे की कोटाचं बटण?"

बटण! मी खुर्ची ओढली. "तोंडाला कुणी हात लावायचा नाही. ते मी लावणार. तुम्ही कोट घ्या." त्यांनी निमूट कोट घेतला. कपाळ, भुवया, नाक, सगळं मी टेबलाच्या मधोमध लावत गेले. तुमचं तोंड अख्खं झाल्यावरच बाकीच्यांना भोवती तुकडे जोडू दिले. पुढच्या वर्षी फोटो मी निवडणार आणि कापणारा सुतारही मीच शोधणार, हेही सांगून टाकलं.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुमचा तीळ उजव्या गालावर होता की डाव्या, ते मला आठवेना. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी पझलच्या डब्यावरचा तुमचा फोटो पाहिला.