बेलापुरातला समुद्र

आबा, आपल्या बेलापुरातल्या घरावरचे पत्रे काढले. आता स्लॅब टाकतेय. पत्रे काढायला मिस्त्री मागच्या खोलीवर चढला आणि तिथूनच त्यानं विचारलं, ताई, पत्र्याच्या मधोमध ही एवढी काच कशाला बसवली होती? मी म्हटलं, उजेड यावा म्हणून. त्याचं समाधान झालं. मला मात्र दिवसभर काही सुचलं नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हाही त्या खोलीबद्दल आपण दोघं पुन्हा कधी बोललो नाही. म्हणून आता लिहायला बसले आहे.

तालुक्याच्या कॉलेजात तुम्ही प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई होता. लोकांना वाटायचं शिपाई म्हणजे घंटा वाजवणारा. तुमचं काम होतं कपाटातल्या बाटल्यांचं. फॉर्मालिनमध्ये बुडवलेले तारामासे, फुलासारखे दिसणारे समुद्रफूल नावाचे जीव, प्रवाळाचे पांढरे तुकडे. पाणी पिवळं पडलं की बदलायचं, सुटलेली चिठ्ठी चिकटवायची, धूळ पुसायची. आई गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मुलांची सहल रत्नागिरीकडे निघाली, तेव्हा सामान उचलायला तुम्हाला नेलं. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या म्हणालात, "बावीस वर्सं मी ह्यांच्या बाटल्या पुसल्या. ह्यांना रंग असतो, हे मला कुनी सांगितलंच न्हाई." आई गेल्यापासून आपल्या घरात एवढं लांब कुणी बोललं नव्हतं. ओहोटीला खडकांच्या डबक्यात ती समुद्रफुलं जिवंत, उघडलेली तुम्ही पाहिली होती, आणि मुलं बसमध्ये जाऊन बसली तरी तुम्ही तिथून हलला नव्हता.

मग ते वेड सुरू झालं. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच काचेची टाकी. साखर कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या तुमच्या मित्रानं तिच्यासाठी लोखंडी घोडा करून दिला. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा सांधा सुटला आणि खोलीभर पाणी झालं. तुम्ही टाकी पुसून कोरडी केलीत आणि पुन्हा सांधलीत. बाजाराला सुकट-बोंबील घेऊन येणारा टेम्पोवाला दर खेपेला समुद्राच्या पाण्याचे चार-पाच कॅन आणायचा. सगळे मासे मागतात, हा माणूस पाणी मागतो, असं तो गावभर सांगत फिरायचा. टाकीत ठेवायचे दगड मात्र तुम्ही स्वतः समुद्रावर जाऊन आणलेत, ओल्या गोणपाटात गुंडाळून, टेम्पोत मागं बसून. पाण्याचा खारटपणा मोजायला तुम्ही डेअरीतल्या ओळखीच्या माणसाकडून दुधाचं लॅक्टोमीटर आणलं होतं. दोन्हींचा दाटपणा जवळजवळ सारखा, समुद्र म्हणजे थोडं पाणी घातलेलं दूध, असं तुम्ही हसत म्हणायचात.

विभागाचे सर म्हणाले होते की मोठ्या फिल्टर मशीनशिवाय हे जीव समुद्रापासून इतक्या लांब जगायचे नाहीत. तुम्ही त्यांच्यासमोर मान हलवलीत. घरी आल्यावर मला सांगितलंत, "त्या डबक्यात कुठं मशीन हुतं? माशाची घान शेवाळ खातं, शेवाळाला ऊन लागतं. झालं." म्हणून पत्रा कापून काच बसवली. टाकीच्या वर एक उथळ ट्रे ठेवलात, छोट्या पंपानं पाणी त्यात चढायचं आणि धारेनं परत खाली पडायचं. वरचं ऊन बरोबर त्या ट्रेवर पडे आणि तिथं हिरवं शेवाळ गालिच्यासारखं दाट माजे. वीज गेली की तुम्ही तांब्यानं पाणी उपसून ट्रेमध्ये ओतत बसायचात. एप्रिलमध्ये टाकीच्या काचेवर ओली गोणपाटं, पाण्यावर टेबलफॅन. माझं काम सकाळचं होतं: काचेवरच्या लाल रेघेपर्यंत पावसाचं साठवलेलं पाणी भरायचं. खारं पाणी का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, मीठ उडून जात नाही बाई, पाणीच तेवढं उडतं.

पहिले दोन महिने नुसता वास. दगडांवर तपकिरी चिकटा. शेजारी केबल आली होती, सगळी आळी तिथं जमायची, आणि आपल्या घरात आपण दोघं त्या गढूळ पाण्याकडे बघत बसलेलो. मग एक दिवस पाणी निवळलं. दगडातून काय काय बाहेर आलं! केसाएवढे किडे, शंख पाठीवर घेऊन चालणारा खेकडा, बारीक हातांचा तारामासा. आणि ते हिरवट-जांभळं समुद्रफूल. अकराच्या सुमाराला ऊन त्याच्यावर आलं की ते हळूहळू उमलायचं. रविवारी तुम्ही स्टूल घेऊन टाकीच्या अलीकडे बसलेले, मी बारावीचं पुस्तक घेऊन पलीकडे. मान वर केली की पाण्यातून तुमचा चेहरा दिसायचा, थोडा हललेला. त्या फुलाला तुम्ही हळूच विचारायचात, ऊन लागतंय का जास्त? मला तुम्ही असं काही विचारत नसायचात. मीही तुम्हाला काही विचारत नव्हते.

बातमी कॉलेजात गेली. सर विद्यार्थी घेऊन घरी आले आणि टाकीसमोर उभे राहून तासभर शिकवत राहिले. तुम्ही प्रयोगशाळेत उभे राहता तसेच भिंतीला लागून उभे होता, हात पुढे बांधून, स्वतःच्या घरात. जाताना सर म्हणाले, पुढच्या महिन्यात तपासणीची कमिटी येतेय, हे सगळं विभागात हलवू या. ते गेल्यावर तुम्ही माझ्याजवळ आलात आणि म्हणालात, "काय करू?" जन्मात तुम्ही मला तेवढं एकदाच विचारलंत. मला पुढं बी.एस्सी.ला त्याच सरांच्या हाताखाली जायचं होतं. माझ्या कपड्यांना त्या पाण्याचा वास यायचा, मैत्रिणी विचारायच्या. मी म्हटलं, द्या की. तुमचं नाव होईल.

टाकी हलवली. वाळू ढवळली गेली, अर्धं पाणी पुन्हा गढूळ झालं. प्रयोगशाळेची खिडकी उत्तरेला, ऊन येणार कुठून? सरांनी वर ट्यूबलाइट लावली. मी त्याच कॉलेजात बारावीला होते; कमिटीच्या आदल्या दिवशी दुपारी तिकडं आले तेव्हा आपल्या घरी कधी न आलेल्या दोन-तीन विद्यार्थिनी आत होत्या. सर ट्रेकडे बोट करून म्हणत होते, मामा, ते हिरवं काढून टाका, घाण दिसतं. तुम्ही म्हणालात, "सर, ते काढलं तर पानी मरंल." सर म्हणाले, दोन दिवसांचा प्रश्न आहे, कमिटी गेली की परत वाढवा. तुम्ही खिशातून ब्लेड काढलंत आणि ट्रे खरवडायला लागलात. कडेपासून आतपर्यंत, बाटल्या पुसायचात तितक्याच निगुतीनं.

कमिटी खूश होऊन गेली. पाचव्या दिवशी पाण्याला सडका वास सुटला, आठव्या दिवशी काही हलत नव्हतं. टाकी तुम्हीच धुतलीत. खेकडा आणि तारामासा तुम्ही फॉर्मालिनमध्ये घातलेत, बाटल्या कपाटात लावल्यात, नावं सर सांगतील म्हणून चिठ्ठ्या कोऱ्या ठेवल्यात. समुद्रफूल विरघळून गेलं होतं. बाटलीत घालण्यासारखं त्याचं काही उरलंच नव्हतं. त्यानंतर तुम्ही पुन्हा टाकी केली नाहीत. रिटायर झालात, विहारात सकाळी जाऊन बसायचात, माझ्या पगारातून आणलेला टीव्ही आवाज बंद करून बघायचात. मागच्या खोलीत गव्हाची पोती आली. पत्र्यातली काच धुळीनं आंधळी झाली.

ट्रे खरवडला त्या संध्याकाळी एसटीतून उतरून आपण घरी चालत होतो. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "दुपारी लॅबकडं आल्तीस का गं?" मी म्हटलं, नाही, वाचनालयात होते. तुम्ही म्हणालात, "बरं झालं." घर येईपर्यंत तुमचा चेहरा जरा मोकळा झालेला वाटला मला.

आबा, मी दारात उभी होते. एवढ्या वर्षांत ही हकिकत मी दोघा-तिघांना सांगितली, आणि दर वेळी त्या सरांवर मला केवढा राग आला होता, असं सांगितलं. हे पत्र कुणाला द्यायचं नाही, तेव्हा इथं खरं लिहिते. त्या दुपारी मला सरांचा राग आला नव्हता. मला तुमची लाज वाटली होती. आत उभ्या असलेल्या मुलींना कळू नये की ब्लेड घेऊन वाकलेला तो माणूस माझा बाप आहे, म्हणून मी आवाज न करता दारातून मागं सरले.