बारदानाच्या कार्डाचा कापलेला कोपरा

प्रिय बाबा,

तुमच्या वर्षश्राद्धाला तुमची पुस्तिका पुन्हा छापायचं ठरलं, म्हणून मी तुमची शब्दांच्या नोंदींची कार्डं बाहेर काढली. तेव्हापासून तुमच्यावरच संशय घेत बसले आहे. दुसऱ्या कुणाला सांगू?

सगळी पुस्तिका एका क्रियापदाची. इंग्रजी, जर्मन, डच यांच्या आदिभाषेतलं 'बेरनं', म्हणजे वाहून नेणं. लिहिलेलं कुठेच सापडलं नाही. अभ्यासकांनी वंशजांवरून मागे मागे जात उभं केलेलं! इंग्रजीतलं 'बेअर' नि 'बॉर्न', जर्मनमधलं 'गेबेरेन' ही त्याची लेकरं. आपला 'भार' त्याचा चुलत भाऊ. अकोल्याच्या शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता तुम्ही हा गोतावळा जमवलात. किती कौतुक होतं मला!

पण लोकांना आवडलं ते शेवटचं पान. धान्यबाजारातलं आपलं 'बारदान', म्हणजे रिकामी पोती, तेही त्याच कुळातलं, फारसी 'बार' म्हणजे ओझं, त्यावरून आलेलं. "पोत्यांच्या थप्पीपाशी उभा होतो, एकदम सुचलं," असं तुम्ही येईल त्याला सांगायचात. बाबा, तुम्हाला फारसी कधी येत होती हो?

प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात माहिती देणाऱ्याचं नाव लिहायचा तुमचा नियम. 'भार'च्या कार्डावर संस्कृतच्या गुरुजींचं नाव आहे. बारदानाच्या कार्डाचा तेवढा कोपरा मात्र कापलेला! उंदीर इतकं सरळ कुरतडतो का?

काल अमरावतीहून अकोल्याला गेले, तुमच्या शाळेत उर्दू-फारसी शिकवणाऱ्या हमीदचाचांकडे. कार्ड पाहून त्यांनी चष्मा काढला.

"तुह्या बाबाचंच हाय ते. कायले उकरून राह्यली बेटा?"

आतून चाची आल्या. "याईचं आयकू नको. बारदानाचं याईनंच सांगतलं होतं तुह्या बाबाले, आमच्याच ओट्यावर. मी चहा घेऊन उभी होती."

चाचांनी कार्ड माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "माहा दोस्त होता तो."

मला रडू आलं आणि तुमचा रागही. पुस्तिकेसाठी झालेल्या तुमच्या सत्काराला ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते! तेव्हा तरी त्यांचं नाव घ्यायला काय झालं होतं तुम्हाला? कात्री हातात घेताना एकदाही हात थांबला नाही? तुमचंही काही म्हणणं असेल. ते ऐकायची माझी संधी गेली.

छापखान्यात सोमवारी मजकूर द्यायचा आहे. थप्पीची गोष्ट मी काढणार. तिथे ओट्यावरची खरी गोष्ट येईल, हमीदचाचांच्या पूर्ण नावानिशी. ते नको म्हणतील, मी ऐकणार नाही. पहिली प्रत त्यांच्या हातात ठेवून तुमच्या वतीने मीच माफी मागेन, बाबा. एवढा शब्द देते.

तुमची,
मंजू