फोटोतली उघाड

बाबा,

मी फोटो काढायला लागले आहे. हसू नका. साठीला टेकलेली मास्तरीण, गळ्यात कॅमेरा अडकवून शेताच्या धुऱ्यावर चिखलात उभी! तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, "काहून वं, शाळेतून सुटी भेटली त आता हे सोंग?" सुटी खरंच मिळाली, निवृत्त झाले. पोरानं त्याचा जुना कॅमेरा दिला आणि मी व्हिडिओ पाहून पाहून शिकते आहे. लोक ऊन पडलं की फोटो काढायला निघतात, मी पावसाची झड लागली की निघते. पहिले कितीतरी फोटो वाया गेले. आभाळ पांढरं फक्क यायचं, जणू कागद चिकटवलाय, नाहीतर खालचं सगळं रान काळंठिक्कर. एकदा एसटीतून उतरले तर कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरलेली. पदरानं पुसली आणि आणखी घाण करून ठेवली. मग हळूहळू कळलं की अशा मरगळलेल्या उजेडात कुठं सावली पडत नाही, त्यामुळं रंग दबत नाहीत. पिकत आलेला धान ढगाळ दिवशी जितका पिवळा दिसतो तितका उन्हात दिसत नाही. हे तुम्हाला ठाऊक असणार. जन्मभर तुम्ही आभाळाकडंच पाहिलंत.

तलावावर चौकीदार होतात तेव्हाची एक सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, असलेल्या खोलीमागं ते पाऊस मोजायचं भांडं आहे. रोज सकाळी तुम्ही तिथं उकिडवे बसता, बाटलीतलं पाणी मापात ओतता, माप डोळ्यासमोर धरता आणि मगच वहीत आकडा लिहिता. त्या दिवशी तुम्हाला ताप होता म्हणून मला पाठवलंत. मी सातवीत. बाहेर धो धो, भिजायचा कंटाळा आला. मी खोलीतच बसून अंदाजानं एक आकडा लिहिला, अक्षर मात्र सुंदर काढलं. तुम्ही माझ्या कोरड्या वेण्यांकडं पाहिलंत, घोंगडं घेऊन बाहेर गेलात, मोजून आलात, माझ्या आकड्यावर रेघ मारली आणि शेजारी खरा आकडा लिहून सही केली. "पाण्याले इचारल्याबिगर त्याचा आकडा लिवाचा नाही," एवढंच बोललात. मारलं असतंत तर बरं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता मुद्द्यावर येते. मागच्या पंधरवड्यात भाऊ नागपूरला होता, सुनेचं बाळंतपण. इकडं नाकाडोंगरीकडच्या आपल्या शेतातल्या बांध्यांत हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आलेला आणि आभाळ काही हटेना. उघाड पडली की कापा, असं तो मावशीला सांगून गेला होता. मावशी म्हणजे रोवणीपासून कापणीपर्यंत आपल्याकडं बायांची टोळी आणते ती. तुमच्या काळी ती सासरी नवी होती. मी तुमसरहून सकाळच्या बसनं शेतावर गेले, फोटोसाठी. बारीक भुरभुर सुरूच होती. मावशी पाणी किती साचलं ते पाहायला आली होती. तिनं आपली छत्री माझ्या कॅमेऱ्यावर धरली, स्वतः भिजली, आणि वर चिडवलंही, "बाई, आभाळाचा फोटो कायले काढतं? थे त फुकटात दिसून राहिलं." फोटो मात्र चांगला आला. मागं डोंगर एकामागं एक फिके होत गेलेले, पुढं पाण्याच्या भारानं वाकलेला धान.

चांगला आला आणि मला तो पुरला नाही, बाबा. घरी येऊन कॉम्प्युटरवर बसले. सावल्या थोड्या उजळल्या, धूसरपणा कमी केला, इथपर्यंत ठीक होतं. पण माझ्या करड्या फोटोंना घरच्या ग्रुपवर कोणी विचारत नाही. भाची तर म्हणाली होती, "आत्या, तुझे फोटो सर्दी झाल्यासारखे दिसतात." त्या प्रोग्राममध्ये आभाळ बदलायचं एक बटण आहे. दाबलं. निळंभोर आभाळ आलं, त्यात दोन कापसासारखे ढग. धानावर पिवळी झाक चढवली, ऊन पडल्यागत. मला भारी गंमत वाटली. खाली लिहिलं, "आजची सकाळ, आपली बांधी", आणि टाकून दिला. पटापट अंगठे आले. मी जेवले आणि दुपारची झोपले.

भावानं नागपूरच्या दवाखान्यात तो फोटो पाहिला आणि मावशीला फोन लावला, कापा म्हणून. ती म्हणाली, भाऊ, आभाळ आहे. तो तडकला, "मले फोटो दिसून राहिला! बहाणे नोको सांगू." शेवटी त्याच दुपारी बायांनी विळे काढले. संध्याकाळी पाऊस आला तो तीन दिवस हटला नाही. कापून पसरलेल्या कडपा पाण्यात तरंगल्या, लोंब्यांना कोंब फुटले.

भाऊ आल्यावर मीही गेले. बांधीत उभं राहून तो मावशीवर ओरडत होता. "सकाळी कापलं असतं त दिवसभराचं ऊन भेटलं असतं. तुमाले दुसऱ्याच्या बांधीत जाचं होतं म्हणून मले आभाळ सांगतलं! हे पाय," आणि त्यानं मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. तिनं फोटो नीट पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही सांगते. भाऊ पुढं म्हणाला, मागून पिकणारा भारी धान कापायला आता दुसऱ्या गावची टोळी बोलावतो, तू येऊ नको. तिनं पदर खोचला आणि निघाली. जाताना माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुह्या मोबाईलात ऊन पडते, त आमच्याच बांधीत काहून नाही पडत?"

भाऊ माझी समजूत घालत होता, "तू मनाले नोको लावून घेऊ, तुनं त जे दिसलं थे काढलं." दिवसभर मी त्याच्यासोबत ओल्या कडपा उलटत होते. कंबर मोडली, तोंड उघडलं नाही. लाज वाटली म्हणून. दुसरं काही नाही. पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, वहीतली खाडाखोड पकडली, आणि माझ्यामुळं एक बाई खोटी ठरली, तिच्यामागच्या दहा जणींचं काम गेलं. मूळचा फोटो अजून माझ्याकडं आहे. करडा, खरा. कितीदा तो भावाला पाठवायला घेते आणि मोबाईल खाली ठेवते. भारी धानाची कापणी आठवड्यावर आली आहे. नवी टोळी सोमवारी येते म्हणे.

तुम्हाला हे पत्र मिळायचं नाही, टाकणार तरी कुठं? पण तुमच्यापासून एक गोष्ट लपवत नाही. कागद घेतला तेव्हा वर मी "भाऊ" लिहिलं होतं. ते खोडलं आणि "बाबा" लिहिलं.