चर्चचा कोळसा

प्रिय एमिलियाताई,

तू दर रविवारी जर्मनीहून फोनवर विचारतेस, "चर्चमध्ये मिस्सा झाली का गं?" मी "हो" म्हणते. खरं काय ते इथे लिहिते, पण हे पत्र टाकणार नाही.

जानेवारीच्या बर्फवादळात शेजारच्या कुल्याशकाकूंचा कोळसा संपला. फादर अलोइझ म्हणाले, "चर्चमधला द्या. आपण कोट घालून प्रार्थना करू."

काकू संकोचल्या. "मी मशिदीत जाणारी बाई, तुमच्या दारात कधी आलेसुद्धा नाही."

"म्हणून थंडी कमी वाजते का?" फादर हसले.

बाकी सगळे तुझ्यासारखे जर्मनीला गेल्यावर इथे उरलेल्या आम्ही चौघींनी घसरगाडीवरून पोती पोहोचवली.

त्याच आठवड्यात, शेगडी न पेटल्यानं, चर्चचे नळ गोठून फुटले, भिंत चिरली. चार म्हाताऱ्यांसाठी दुरुस्ती कोण करणार? फादरांची बदली दूरच्या कारागांदा शहरात झाली आणि दाराला कुलूप लागलं.

थंडी अजून तशीच आहे, आणि आज पाहते तर काकू उरलेलं पोतं ओढत चर्चच्या दाराशी आणत होत्या.

"काकू, शेगडी पेटवा, मराल अशानं!" मी ओरडले.

"तुमच्या देवाचं घर माझ्यापायी विझलं, रोझालिया. ती ऊब आता सोसत नाही मला."

पोतं तिथेच टाकून त्या घरी गेल्या. मी ते त्यांच्या दाराशी परत नेलं. खूप हाका मारल्या, पण त्यांनी दार उघडलं नाही. धुराड्यातून धूर नाही.

तुझी,
रोझालिया