बाबांच्या पाच कळा

२३ फेब्रुवारी, रविवार

प्रिय शहाण्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे बाबांचा खोकला गेला, स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. जिन्यातला दिवा तसाच आहे. घरमालक हो म्हणतो आणि विसरतो.

फोनवर तुला घाई असते आणि मला राग येतो, मग मुद्दा राहतो बाजूला. म्हणून लिहितेय.

बाबा नवीन वर्षापासून कोर्टाकडे गेलेले नाहीत. थंडीमुळे, असं मी तुला सांगितलं होतं. थंडी कारण नव्हतंच. फाटकाजवळची त्यांची खुर्ची शेजारचा झेरॉक्सवाला अजून राखून बसलाय. लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, "काका कुठे?" विचारतात आणि पलीकडच्याकडे जातात.

झालं असं, की त्यांच्या टायपिंगमध्ये चुका व्हायला लागल्या. ज्याने उभा जन्म कळांकडे न बघता टाइप केलं, त्या माणसाची जोडाक्षरं भलतीच उमटायला लागली. एका बाईचा अर्ज कोर्टाच्या खिडकीवरून परत आला. तिचा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, आता नातवंडं खेळवा." बाबा हसले म्हणे. घरी आले, लॅपटॉप कपाटात ठेवला आणि वर चादरी रचल्या. तेव्हापासून खिडकीत बसतात. मांडीवर बोटं चालू असतात. मी खोलीत गेले की थांबतात.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्मरणशक्ती तपासायला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबांनी सेकंदकाट्यासकट काढलं. "वयाच्या मानाने ठीक, पण लक्ष ठेवा," डॉक्टर म्हणाले. तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, "ताई, वय झालंय त्यांचं. मान्य कर." स्पीकर चालू होता, हे तुला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात मी त्यांचे रद्द झालेले कागद घेऊन बसले. विसरणारा माणूस रोज काहीतरी नवीन विसरतो ना? बाबा प्रत्येक कागदावर त्याच त्या अक्षरांवर चुकले होते. मग माळ्यावरून त्यांचा जुना टाइपरायटर उतरवला, शेजारी लॅपटॉप ठेवला आणि एकेक कळ ताडून बघितली. पाच कळा वेगळ्या निघाल्या. फक्त पाच!

तू बाबांच्या त्या टाइपरायटरवरून लॅपटॉपमध्ये कळांची हुबेहूब तीच मांडणी बनवून दिली होतीस. नंतर लिनक्सवाल्यांच्या भांडारात, म्हणजे लॅपटॉप जिथून आपोआप नवं घेतो तिथे, त्याच नावाचं दुसरं पॅकेज आलं. तुझी आवृत्ती एक, त्यांची दोन. अपडेटने आकडा मोठा बघितला आणि तुझं काढून त्यांचं बसवलं. त्याच आडनावाचा नवा भाडेकरू आला म्हणून जुन्याचं सामान रस्त्यावर टाकावं, तसं. विचारलं नाही, सांगितलं नाही. तुझी फाइल जुन्या ईमेलमधून शोधून बसवायला गेले, तर म्हणे याहून नवीन आधीच आहे. हट्टाने बसवली, तर सकाळी पुन्हा गायब. तुझी फाइल पुन्हा बदलू नये म्हणून तिला कुलूप घालायची आज्ञा सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला आला.

एवढी हुशार माणसं तुम्ही. एक साधी ओळ दाखवता येत नाही? 'तुमच्या रोजच्या वापरातली वस्तू मी बदलतोय, चालेल का?' आणि बिघडलं तर काल होतं तसं सगळं परत देणारं एक बटण. मी फार मागतेय का?

अपडेट आपोआप व्हावं, ही सोय तू मागच्या खेपेला केलीस. "म्हणजे ताई ऊठसूट फोन करणार नाही," म्हणालास. मीही हसले होते. आता हसू येत नाही.

आता खरं सांगते. मशीन परवाच दुरुस्त झालं. मी स्वतः टाइप करून बघितलं, सगळी अक्षरं जागच्या जागी. मी बाबांना म्हटलं, "दोष मशीनचा होता, तुमचा नाही. बसा बघू." ते म्हणाले, "समजूत काढू नकोस." मी कागद दाखवले, पाच कळा दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याने स्वतः बसून केलंय ते. त्याच्या हातचं असं बिघडायचं नाही. माझंच डोकं गेलंय." वर मला ताकीद, "त्याला काही कळवू नकोस. उगाच मनाला लावून घेईल."

कळतंय का तुला? तुझं काम चुकलं असं मानण्यापेक्षा स्वतःला वेडं ठरवणं त्यांना सोपं जातंय. मी कोण? धुणंभांडी आणि औषधं बघणारी. माझं खरं असलं तरी ती समजूतच ठरते. तुझं ते मानतील.

म्हणून फोन करू नकोस, ये. दोन दिवसांसाठी ये. त्यांच्यासमोर बस आणि तोंडाने सांग, "बाबा, चूक माझी होती." सॉरीबिरी नको, ते आवडायचं नाही त्यांना. सरळ सांग. जमत नसेल तर तसं कळव, पण 'बघतो' म्हणू नकोस. काल त्यांनी झेरॉक्सवाल्याला निरोप धाडलाय, खुर्ची कुणाला हवी असेल तर देऊन टाक. तो निरोप मी अजून पोचवलेला नाही.

शनिवारपर्यंत दाबून ठेवते.

तुझी वाट बघणारी,
ताई