तिसऱ्या घावाची नोंद होण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
चौकशी समिती, रक्तप्रवाह संशोधन प्रकल्प,
कर्लीतीर रुग्णालय, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

विषय : चौकशीतील आरोप दुरुस्त करणे व वॉर्डात रोज एक तास प्रवेश मिळणेबाबत.
संदर्भ : समितीची दि. १० नोव्हेंबर २०२५ ची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार तेजस्वी तोरसकर ही प्रकल्पाची परिचारिका. जोडलेल्या अवयवात रक्त नीट फिरते की नाही, हे बोटाला चिकटवलेल्या यंत्रावर दर तासाला पाहून लिहिणे हे तिचे काम. मसुऱ्याचे गंगाराम बागवे यांचा उजवा हात काजूच्या बागेतील गडग्याच्या, म्हणजे हद्दीवरच्या दगडी बांधाच्या, वादातून त्यांचा चुलतभाऊ समर्थ याने कोयत्याने मनगटापासून तोडला होता. डॉक्टरांनी तो जोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी बोटे गुलाबी दिसली, तेव्हा गंगाराम लहान मुलासारखे रडले.

२. त्याच दिवशी, दि. ४ नोव्हेंबर रोजी दुपारी, फरार समर्थ वॉर्डात शिरला. "डाक्टरान हात जोडल्यान काय? आता परत तोडतंय!" असे ओरडून त्याने यंत्राच्या तारा उपटल्या आणि जोडलेल्या हातावर कोयता घातला. टाके उसवून रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. अर्जदाराने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला. पहिला घाव समर्थच्या पाठीत बसला. तो वळला व त्याने अर्जदाराचा खांदा हाडापर्यंत चिरला. दुसऱ्या घावाने त्याचे कोपर मोडले, कोयता खाली पडला. तिसरा घाव त्यानंतरचा. समर्थ तेव्हा रिकाम्या हाताने गुडघ्यावर बसला होता. अर्जदाराने त्याच मोडक्या कोपरावर सगळा जोर लावून मारले. भीतीने नव्हे, रागाने.

३. डॉक्टर येईपर्यंत गंगारामांची शीर अर्जदाराने अंगठ्याने दाबून धरली. त्यांना शस्त्रक्रियेसाठी नेल्यावर तिची नजर समर्थकडे गेली. त्याचा तळवा पांढराफटक पडला होता. खिशातील नाडी ऐकवणारे लहान यंत्र तिने त्याच्या मनगटाला लावले. नाडीचा आवाज नाही.

"माका हात लावू नको!" तो किंचाळला.

"गप रव. तुझ्या हातात रगत पोचना नाय," असे सांगून तिने त्यालाही शस्त्रक्रियेसाठी पाठवले. समर्थचा हात वाचला. गंगारामांचा दुसऱ्या दिवशी काढावा लागला.

४. नोटिशीत निलंबनासाठी ठपका एकच : लेखी संमतीशिवाय समर्थच्या रक्तप्रवाहाचे मोजमाप केले. तो मान्य आहे. ती नोंद संशोधनातून खुशाल वगळावी. तिसऱ्या घावाविषयी मात्र चकार शब्द नाही. विचारले असता कार्यालयातील लेखनिक म्हणाले, "स्वसंरक्षण म्हणान लिवलेला आसा, उगाच कशाक उकरतंस?" परंतु समर्थच्या हातात रक्त पोहोचणे थांबले ते तिसऱ्या घावाने, आणि तो स्वसंरक्षणाचा नव्हता. आरोप लिहायचाच तर तो लिहावा.

५. निलंबनानंतर गंगारामांच्या पत्नी राधाबाई यांनी अर्जदाराला रुग्णालयाच्या फाटकात गाठले. "त्येचो हात वाचयलंस, माझ्या घोवाचो कित्याक नाय?" मग त्याच पुढे म्हणाल्या, "आता पट्टी तरी तूच बांध. दुसऱ्या कोणाक ते हात लावूक देनत नाय."

तरी रोज सकाळी पट्टी बांधण्यापुरता एक तास आत येऊ द्यावे. शिक्षा द्याल ती मान्य आहे. जखम भरेपर्यंत तेवढा तास मात्र काढून घेऊ नये.

समितीच्या उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
तेजस्वी तोरसकर
परिचारिका (निलंबित)
दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत : नोटिशीची प्रत, तिसऱ्या घावाबाबत अर्जदाराचा सहीचा जबाब.